उमाचा जुलै

जून लागला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बालवर्गाच्या मुलाखतींची तालीम सुरू होते. खालच्या मजल्यावर चार वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई तिला तिसऱ्या पायरीवर बसवते, स्वतः खाली उभी राहते आणि मॅडमच्या आवाजात विचारते, "बेटा, आपका नाम?" मुलगी नाव सांगते. मग वडिलांचं नाव, मग रंग, मग फळं. पाचव्या प्रश्नाला ती उठून शेवेचा डबा शोधायला जाते आणि तालीम तिथेच संपते. मी वर गॅलरीत पेपर घेऊन बसलेला असतो. मला ही तालीम ऐकायला आवडते असं नाही. पण पेपरात तरी दुसरं काय असतं?

गल्लीच्या तोंडाशी स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानदाराने बाहेर दोरीवर छोटे रेनकोट टांगले आहेत, लाल, पिवळे, बिनमुंडक्याचे. नव्या दप्तरांचा वास रस्त्यापर्यंत येतो. आंबे उतरणीला लागलेत, जांभळांच्या हातगाड्या आल्यात, आणि दुपारी उकडलं तरी संध्याकाळी माळव्याचा गार वारा सुटतोच. असे जून माझ्या आयुष्यात कितीतरी आले आणि गेले. नीट लक्षात राहिला तो एकच, आणि त्याला लागून आलेला जुलै.

राज्य तेव्हा नवं होतं. आमच्या दोन पिढ्या होळकर दरबाराच्या मोजणी खात्यात गेल्या होत्या. माझ्या वाट्याला नव्या सरकारचं बांधकाम खातं आलं. इंदूरचे कागद भोपाळला जायचे आणि तिथून शेरे घेऊन परत यायचे. मी नकाशे काढायचो. ड्राफ्ट्समन म्हणतात ते. दिवसभर उंच स्टुलावर बसून शाळा, पूल, दवाखाने, तहसील कचेऱ्या असं सगळं मी वरून बघायचो. माणसाला एकदा ही सवय लागली की सुटत नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मला आधी मांडवाचा आयत दिसायचा आणि मग जिलबी.

आम्हाला एकच मुलगी, उमा. ती वर्षाची असताना रेडिओच्या पेटीवर तळवा ठेवून खदखदून हसायची. आम्ही येईल त्याला कौतुकाने सांगायचो, पोरीला गाण्याचं वेड आहे. ती हाताने ऐकत होती, कानाने तिला काहीच ऐकू येत नव्हतं, हे आमच्या ध्यानात यायला आणखी वर्ष गेलं. तेव्हा काय वाटलं ते सांगतो. राग आला. उमाचा नाही, देवाचाही नाही. ज्यांना ज्यांना मी ते कौतुक सांगितलं होतं त्या सगळ्यांचा.

तुकोगंजात एका दवाखान्याच्या मागे कुंदाताईंची खोली होती. पूर्वी तिथे औषधांची खोकी ठेवत. ताई मुंबईहून बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, उभट चेहऱ्याच्या, सुती साडीतल्या. खोलीत मुलं आठच, तीन वर्षांपासून सहापर्यंतची. स्पिरिटचा वास भिंतींतून कधी गेला नाही. ताई नेहमी खिडकीकडे तोंड करून बसायच्या. उजेड त्यांच्या तोंडावर पडला पाहिजे, मुलांना ओठ दिसले पाहिजेत, हा पहिला नियम. 'प' शिकवायचा तर कागदाची पट्टी ओठांसमोर धरायच्या. आवाज नीट फुटला की पट्टी हलायची. 'म' शिकवताना मुलाचा हात आपल्या गालावर ठेवायच्या. एकेक अक्षर यायला महिना महिना लागायचा. उमाला 'त' यायला पूर्ण हिवाळा लागला, कारण 'त'ला जीभ दातांच्या मागे लपते आणि बघणाऱ्याला काही कळत नाही.

उमाच्या छातीवर मशीन असायचं. साबणाच्या वडीएवढा डबा, त्यातून निघून कानात गेलेली वायर. त्याने तिला शब्द कळायचे नाहीत, पण आवाज झाला एवढं कळायचं. इंदूने, माझ्या बायकोने, त्यासाठी कापडी पिशवी शिवली आणि ती फ्रॉकच्या आतून लावली. ताईंनी पहिल्याच दिवशी ती बाहेर काढली. "झाकायचं नाही. तुमचे मिस्टर चष्मा झाकतात का?" घरी आल्यावर इंदूने पिशवी उसवली आणि फ्रॉकवर बाहेरून शिवली, लाल दोऱ्याने, जरा जास्तच ठळक.

दुसरा नियम भाषेचा. ओठांवरून वाचणाऱ्या मुलाला एकच भाषा द्या, दोन दिल्यात तर एकही येणार नाही, असं ताई म्हणायच्या. खोलीत मराठी, गुजराती, माळवी अशी सगळ्या घरांची मुलं होती, आणि पुढची शाळा हिंदी. म्हणून घरीही हिंदी. फक्त 'आई' आणि 'बाबा' एवढे दोन शब्द ताईंनी आम्हाला माफ केले. मग आमच्या घरात हिंदी नांदू लागली. इंदूची हिंदी भाजीवाल्यापुरती होती. ती उमाचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणायची, "उमा, दूध पियो. गरम है. फुंको." आणि मान वर करून मला म्हणायची, "फुंको बरोबर आहे ना हो? का फूँक मारो?" मला काय कळत होतं! भांडण मात्र आम्ही मराठीतच करायचो, उमाकडे पाठ करून. त्या तीनेक वर्षांत आमच्या घरातली चांगली मराठी फक्त भांडणात शिल्लक राहिली.

माझ्याकडे चित्रं आली. ताईंना शंभर कार्डं हवी होती, एका कार्डावर एक वस्तू. बाजारातली चित्रांची पुस्तकं फुलांनी आणि पऱ्यांनी भरलेली. ताई म्हणाल्या, "तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच काढा." मी काढली. पेला, नळ, खुर्ची, कुलूप, सायकल. सायकल तर इतकी बिनचूक आली, की ऑफिसातल्या यादवने ती टेबलावर लावायला मागितली. गाय मला कधी जमली नाही. माझी गाय पाण्याच्या टाकीला शेपूट लावल्यासारखी दिसायची. आणि 'घर' या कार्डावर मी घर काढलं. म्हणजे घराचा नकाशा. चौकोन, भिंतींच्या दुहेरी रेघा, दारांच्या जागी खंड आणि दार उघडतं त्या बाजूला पाव वर्तुळ. मागे अंगण, अंगणात नळ. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. मी रोज घरं काढत होतो, आणि ती अशीच असतात.

उमाला ते कार्ड फार आवडायचं. मी त्यावर खडा ठेवायचो, ती पळत जाऊन घरात त्या जागी उभी राहायची. खडा स्वयंपाकघरात, की उमा चुलीपाशी. खडा नळापाशी, की उमा अंगणात. अंदर आणि बाहर हे शब्द तिला त्या खेळातून आले. ताईंनी ते कार्ड पाहिलं की नाही, मला आठवत नाही. पाहिलं असतं तर त्या काही बोलल्या असत्या. बहुधा ते घरीच राहिलं.

त्या जूनमध्ये ताईंनी आम्हाला बोलावून घेतलं.

"उमा तयार आहे," त्या म्हणाल्या. "एक जुलैपासून तिला साध्या शाळेत घाला. बालवर्गात."

"इतक्या लवकर?" इंदू म्हणाली.

"लवकर कसं? सहावं सरत आलंय तिचं. इथे सगळे तोंड उघडून, तिच्याकडे बघून, सावकाश बोलतात. बाहेर असं कोण बोलतं? आणखी वर्षभर ठेवली तर तिला बाहेरचं बोलणं कळायचंच नाही."

मग त्यांनी तिसरा नियम सांगितला. एकदा गेलेलं मूल वर्षभर इकडे आणायचं नाही. भेटायलासुद्धा नाही. इंदूने दिवाळीचं विचारलं, तर दिवाळीलासुद्धा नाही. "मागे एका मुलाला मी येऊ दिलं. आधी शनिवारी यायचा. मग रोज येऊ लागला. शाळा सुटली ती सुटलीच. आज अकरा वर्षांचा आहे आणि घरी बसून आहे." हे सांगताना ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता. पण त्यांनी टेबलावरच्या पेन्सिली उचलल्या आणि विनाकारण दुसरीकडे ठेवल्या.

उमाची जागा रिकामी राहणार नव्हती. सांवेरकडचा एक शेतकरी महिन्याभरापासून बसने येत होता, सोबत चार वर्षांची मुलगी. तो दवाखान्याच्या ओट्यावर बसायचा, मुलगी त्याच्या पंच्याचं टोक चावत असायची. मला पाहिलं की उठून उभा राहायचा. "बाबूजी, तमारी छोरी कद जायगी?" त्याच्या विचारण्यात घाई नव्हती. मला मात्र दरवेळी तो आमच्या मुलीच्या अंगावरचं पांघरूण ओढतो आहे असं वाटायचं. आज कबूल करायला हरकत नाही, मी एकदोनदा त्याला टाळण्यासाठी मागच्या दाराने गेलो.

म्हणजे हिशेब साधा होता. एक जुलैला उमाची खोलीतली जागा जाणार. साध्या शाळेने घेतलं तर ती तिकडे, नाही घेतलं तर घरी. अकरा वर्षांचा तो मुलगा मी कधी पाहिला नव्हता, पण त्या महिन्यात तो माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी इंदूने टांगा करून मला खजरान्याच्या गणपतीला नेलं. खजराना तेव्हा गावाबाहेर, शेतांमधून रस्ता. देवळाच्या मागच्या भिंतीवर नवस बोलणारे उलटं स्वस्तिक काढतात, आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटं काढतात. इंदूने कुंकवाने उलटं स्वस्तिक काढलं. येताना टांग्यात मी तिला चिडवलं, "इतक्या मोठ्या कानांच्या देवाकडे आलो, काम होईलच." ती हसली नाही. उमाला प्रवेश मिळाल्यावर मी म्हणालो, चल, सुलटं काढून येऊ. ती म्हणाली, "राहू दे." आठवड्याने पुन्हा म्हणालो. तेव्हा ती उमाकडे पाठ करून म्हणाली, "कशाला जाऊ? मी मागितलं होतं, शाळेने नाही म्हणू दे. तिला ताईंकडेच राहू दे." ते उलटं स्वस्तिक तसंच राहिलं. पुढे केव्हातरी देवस्थानाने भिंत धुतली असेल.

शाळेचं नाव सांगत नाही; चांगली शाळा होती. मुख्य बाईंना सगळे बड़ी बहनजी म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी साडी, समोर वही. आई-बापांनी खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असं आधीच बजावलेलं. ताईंनी चिठ्ठी दिली होती, त्यात सगळं खरं लिहिलं होतं. बहनजींनी ती वाचली, घडी घालून वहीत ठेवली आणि उमाच्या छातीवरच्या डब्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्यांनी नाव विचारलं. उमाने सांगितलं. उ-मा, हे नाव ओठांवर छान उमटतं; आम्ही ठेवलं तेव्हा आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. रंग झाले, पाचपर्यंत आकडे झाले. बहनजी मान हलवत होत्या. मग त्यांनी कागद-पेन्सिल पुढे केली.

"घर बनाओ, बेटी."

शेजारच्या बाकावर आधीच्या मुलांचे कागद पडले होते. सगळ्यांवर तेच घर होतं: चौकोन, वर त्रिकोणी छप्पर, एक दार, दोन खिडक्या, बाजूला सूर्य. इंदूरात कुणाच्या घराला तसलं छप्पर होतं? पण घर म्हटलं की मुलं तेच काढतात, आणि ते पाहून मोठी माणसं खूश होतात. उमाने पेन्सिल घेतली आणि दुहेरी रेघ ओढायला सुरुवात केली. भिंत. भिंतीत खंड. खंडापाशी पाव वर्तुळ, दार आत उघडतं म्हणून आतल्या बाजूला. एरवी मी पाठ थोपटली असती.

बहनजींनी कागद फिरवून पाहिला. "यह क्या है? यह तो डिब्बा है."

"घर," उमा म्हणाली.

"घर ऐसा होता है?" बहनजींनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना मान खाली होती, तेव्हा पुढे त्या जे बोलल्या ते उमाला दिसलंच नाही. "समझती नहीं है अभी. एक साल और रुकिए."

इंदूने माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. "बहनजी, यह नक्शा है. मैं नक्शे बनाता हूँ, मैंने ही..."

"आप बैठिए," त्या म्हणाल्या. मी बसलो. सरकारी नोकरीत माणसाला बसायची चांगली सवय होते.

उमाला आमचं बोलणं कळलं नसेल, पण बहनजींना घर दिसलं नाही एवढं तिला कळलं. ती टेबलाला वळसा घालून गेली, बहनजींच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांचं बोट धरलं. त्या दचकल्या, पण बोट सोडवलं नाही. उमाने ते बोट भिंतीतल्या खंडावर टेकवलं. "अंदर," ती म्हणाली. तिचा आवाज जाड आणि एकसुरी होता, कुठलाही शब्द ओझं उचलल्यासारखा यायचा. बोट दारातून आत गेलं, डावीकडे वळलं. "रसोई. आई." मग मधल्या खोलीत. "बाबा." मग मागच्या दाराने निघून अंगणात. "बाहर. नल. पानी." बहनजी आपल्याच बोटाकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून त्यांनी तो पदराने पुसला.

"दशहरे तक देखेंगे," त्या म्हणाल्या. हे मात्र त्यांनी तोंड वर करून सांगितलं. "मेरी क्लास में पैंतालीस बच्चे हैं. टीचर बोर्ड की तरफ मुँह करके बोलेगी, हर बार इसकी तरफ नहीं घूमेगी. एक दिन भी स्कूल से निकल गई तो मैं नहीं रख सकूँगी. जिम्मेदारी मेरी होती है."

ऑफिसात यादव म्हणाला, "भिया, काम हो गया, पोहे खिलाओ." मी खाऊ घातले, वर जिलबी. आनंद झाला होता का? झाला होता. त्याच्या खाली भीतीही होती आणि ती मला जास्त खरी वाटत होती.

एक जुलैला उमा गेली. पहिल्या दिवशी रडली नाही, दुसऱ्या दिवशी रडली नाही. संध्याकाळी इंदू विचारायची, "क्या पढ़ा?" उमा खांदे उडवायची. तिच्या पाटीवर रेघा असायच्या, त्या फळ्यावरून उतरवलेल्या, नीट. बोलणं मात्र कमी होत चाललं. सकाळी दूध पिताना ती इंदूच्या ओठांकडे बघायची पूर्वी, आता पेल्यात बघू लागली. मधल्या सुट्टीत मी ऑफिसातून सायकलने निघायचो आणि शाळेसमोर लिंबाखाली उभा राहायचो. मुलं मैदानात पळत असायची. उमा भिंतीला पाठ लावून उभी असायची, म्हणजे मागून कोणी येणार नाही आणि सगळे समोर दिसतील. मला ते बरोबर वाटायचं. मीही तेच केलं असतं.

आज या गॅलरीतून खालच्या मुलीची तालीम ऐकताना मला वाटतं, आपण मुलांना उत्तरं शिकवतो आणि मग मुलं तिथे जाऊन भलत्याच प्रश्नाला सामोरी जातात. उमाला विचारलं तर ती हसेल. ती भोपाळला असते, नोकरीतून निवृत्त झाली, मोबाइलवर माझ्याहून भराभर लिहिते. परवा तिला लिहिलं, जून आला. तिने उलट लिहिलं, बाबा, दरवर्षीच येतो. स्वभाव माझ्यावर गेला आहे.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार असावा. मी लिंबाखाली पोचलो तेव्हा उमा भिंतीपाशी नव्हती. फाटक अर्धं उघडं होतं आणि चौकीदार पाणी प्यायला गेला होता. मग मला ती रस्त्याच्या पलीकडे दिसली, पाठमोरी, वेण्यांच्या लाल फिती, चाललेली. मी सायकल लिंबाला टेकवली आणि मागे धावलो. हाक मारून उपयोग नव्हता. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला, वाजवतच राहिला, आणि शेवटच्या क्षणी हँडल वळवून शिव्या देत गेला. तिला काहीच कळलं नाही. कोपऱ्यावर मी तिला गाठलं. एक हात लांब केला असता तर दप्तराचा पट्टा हातात आला असता. मी हात लांब केला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. ती कुठे चालली आहे ते मला ठाऊक होतं, आणि मलाही तिथे जायचं होतं.

शाळेपासून ताईंची खोली दोन गल्ल्या. उमा दवाखान्याच्या बाजूने मागे गेली, चपला ओळीत काढल्या आणि दारात उभी राहिली. मी ओट्याच्या कडेला थांबलो. मला खोली तिरकस दिसत होती. ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, दाराकडे पाठ. समोर सांवेरची ती मुलगी, उमाच्या जागेवर, आणि दोघींच्या मधे कागदाची पट्टी. बाकीची सात मुलं पाटीवर वाकलेली.

उमाला कोणाला बोलवायचं असलं की ती जवळ जायची, पदर ओढायची, खांद्यावर हात ठेवायची. पाठीमागून हाक मारायची तिची पद्धतच नव्हती. हाक ही वस्तू तिच्या जगात नव्हती. आम्ही तीन वर्षं तिच्याकडून शब्द वदवून घेतले होते. पण तिचे शब्द नेहमी कोणीतरी तिच्याकडे बघत असतानाच निघायचे.

त्या दिवशी तिने हाक मारली. "ताई."

'त' स्वच्छ आला. मी उभा होतो तिथे मला ऐकू आला, गल्लीतल्या भांडीवाल्याच्या आवाजातूनही. खोलीतल्या एकाही मुलाने मान वर केली नाही. ती हाक ऐकू येईल अशी तिथे दोनच माणसं होती, एक मी आणि एक ताई.

ताई वळल्या नाहीत.

"ताई!" उमा पुन्हा म्हणाली, मोठ्याने, पोटातून.

ताईंना प्रत्येक मुलाचा आवाज पाठ होता, हे मला माहीत होतं. त्यांच्या हातातली कागदाची पट्टी थरथरत होती आणि समोरची मुलगी तर अजून फुंकर घालायला ओठच जुळवत होती. ताईंची मान किंचित वळल्यासारखी झाली आणि परत खिडकीकडे गेली. तेवढ्यात मला त्यांचा गाल दिसला. मला त्या बाईचा भयंकर राग आला. दुसऱ्याच क्षणी मला हेही कळलं, की त्या आत्ता वळल्या तर उद्या उमा पुन्हा येणार, परवा पुन्हा, आणि मग बहनजींच्या वहीत एक रेघ.

उमा जराशी थांबली. मग वळली, चपला घातल्या, मला पाहिलं. मी तिथे कसा, याचं तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बाप म्हणजे कुठेही असणारच. ती रडत नव्हती. मी तिचा हात धरला आणि आम्ही गल्लीतून परत निघालो. शाळेची घंटा व्हायला दहाएक मिनिटं असतील, चौकीदार परत आला नसला म्हणजे झालं.

पहिल्या वळणावर ती थांबली. तिने माझा हात सोडला आणि फ्रॉकवरच्या पिशवीवर, त्या डब्यावर, दोनदा थापटलं. मग दवाखान्याकडे बोट दाखवलं.

"ताई," ती म्हणाली. मग बोट स्वतःच्या कानाला लावून हलवलं. "नहीं."

मला कळायला थोडा वेळ लागला. तिने मागून हाक मारली होती, एकदा नाही, दोनदा, आणि माणूस वळलं नाही. न वळणारी माणसं तिला ठाऊक होती. ती स्वतःच तसली होती, खोलीतली सगळी मुलं तसली होती. आणि ताईंच्या छातीवर तर डबाही नव्हता. उमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार काळजी होती, घरात कोणी आजारी असलं की इंदूच्या चेहऱ्यावर असायची तशी.

"बाबा," तिने एकेक शब्द उचलून ठेवला. "ताई... मशीन... लाना."

मी तिच्यासमोर खाली बसलो, तोंड उजेडाकडे केलं आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असं म्हणालो, "हाँ. लाऊँगा."